करिअर म्हणजे गाडीवाट

‘आता चुकलं तर करिअर संपलं!’ निकालाच्या दिवसांत हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि मुलांच्या मनात धडकी भरते. ज्या शब्दाची एवढी धास्ती आपण घेतली आहे, तो मुळात काय सांगतो?

लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे चाकांची गाडी. हा शब्द रोमनांना गॉल लोकांकडून मिळाला. त्यावरून गाडीवाटेचा शब्द तयार झाला आणि फ्रेंचमधून तो सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. तेव्हा त्याचा अर्थ होता घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, भरधाव दौड. माणसाच्या कामाची आयुष्यभराची वाटचाल हा अर्थ रुळला तो १८००च्या सुमारास.

पालकहो, आपण यातली शर्यत तेवढी धरून बसलो आहोत. शर्यतीत मागे पडलेला हरतो. वाटेला मात्र फाटे असतात आणि पुढे येऊन मिळणारे रस्तेही असतात. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. पदविका मिळाली की अभियांत्रिकी पदवीचं थेट दुसरं वर्षही खुलं होतं. वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीच्या कोणत्याही शाखेनंतर करता येतो, तर तीन वर्षांचा कोणत्याही पदवीनंतर. यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा कोणत्याही शाखेचा पदवीधर देऊ शकतो.

काही ठिकाणी मात्र आधीच सावध राहावं लागतं. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ला जीवशास्त्र लागतं, तर अभियांत्रिकीच्या सीईटीतल्या पीसीएम गटात गणिताचा पेपर असतो. अकरावीत विज्ञान शाखा घ्यायची आहे, पण दोन्हींपैकी काही ठरलेलं नाही आणि मुलाला अभ्यासाचा भार झेपणारा आहे, तर गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत.

विद्यार्थ्यांनो, शाखा निवडण्याआधी तीन प्रश्न लिहून काढा. कोणता विषय कुणी न सांगताही मी वाचतो? ही शाखा घेतली तर कोणते प्रवेश बंद होतात? मन बदललं तर इथून कुठे वळता येईल? मग त्या क्षेत्रात रोज काम करणाऱ्या एखाद्या माणसाला भेटा आणि त्याचा दिवस कसा जातो ते विचारा.

पालकांनी या भेटीला मुलांसोबत जावं, पण प्रश्न मुलांना विचारू द्यावेत. पुढची चाळीस वर्षं ते काम त्यांना करायचं आहे.