जात, वर्ण, वंश : ‘डीप साउथ’ या सहसंशोधनाच्या निमित्ताने

दुभंगलेल्या समाजाचा अभ्यास कोणी व कसा करावा, आणि त्या दुभंगाला मराठीत कोणता शब्द योजावा, असे दोन प्रश्न मी या लेखात विचारात घेतले आहेत. त्यासाठी आधार घेतला आहे तो अमेरिकेतील एका जुन्या सहसंशोधनाचा.

१९३३ साली मिसिसिपी राज्यातील नॅचेझ या कापूसपट्ट्यातील शहरात दोन जोडपी राहावयास गेली. ॲलिसन व एलिझाबेथ डेव्हिस हे कृष्णवर्णीय, तर बर्ले व मेरी गार्डनर हे गोरे. मार्गदर्शक होते डब्ल्यू. लॉइड वॉर्नर. गोऱ्यांच्या दिवाणखान्यात डेव्हिस दांपत्याला प्रवेश नव्हता आणि गार्डनर दांपत्यासमोर कृष्णवर्णीय माणसे मन मोकळे करणे कठीण होते. म्हणून प्रत्येक जोडपे आपापल्या समाजात वावरले. चौघांनी चारचौघांत बरोबरीने बसणेही तिथल्या रिवाजाविरुद्ध होते. टिपणे ताडून पाहण्यासाठी त्यांना आडवाटेला मोटारीत भेटावे लागे. पुढे आणखी एक भिंत लक्षात आली. डेव्हिस दांपत्य सुशिक्षित वर्गातले असल्याने गरीब कृष्णवर्णीयांत मिसळणे त्यांनाही सोपे नव्हते. त्या कामी सेंट क्लेअर ड्रेक या तरुण साहाय्यकाची मदत झाली. अर्थात एका समाजात जन्मल्याने त्या समाजातील सगळी दारे उघडतातच असे नाही.

१९४१ साली ‘डीप साउथ’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात शहराचे नाव बदलून ‘ओल्ड सिटी’ असे ठेवले आहे. वर्ग आणि जात या दोन वेगळ्या रचना तिथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. वर्ग बदलता येतो. जातीची रेषा ओलांडता येत नाही. कृष्णवर्णीय डॉक्टर गरीब गोऱ्यापेक्षा अधिक शिकलेला असला, तरी रिवाजाने खालचाच. जमीनमालकाकडून उचल घेऊन कापूस पिकवणारी कुळे दोन्ही बाजूंस होती. पण समान हलाखीतून एकजूट उभी राहण्याच्या आड ही रेषा येई.

ही रेषा कशाने टिकते? आपल्या भाषेत सांगायचे तर रोटीबंदी आणि बेटीबंदीने. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. आंबेडकरांनी स्वजातिविवाह हेच जातीचे मर्म म्हटले होते. त्यांच्या त्या शिक्षणाला बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती होती. मात्र तुलना सर्वांना मान्य झाली नाही. ऑलिव्हर कॉक्स यांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात अमेरिकेतील वंशसंबंधांचे मूळ भांडवलशाहीतील श्रमशोषणात दाखवले आणि भारतीय जातिव्यवस्थेशी त्यांची सांगड घालण्यास विरोध केला.

मराठीत हा वाद उतरवताना शब्द अडतात. ‘वर्णभेद’ म्हणावे तर ‘वर्ण’ म्हणजे कातडीचा रंग आणि चातुर्वर्ण्यातील वर्णही. एकाच परिच्छेदात दोन्ही देश आले की वाचक गोंधळतो. माझ्या मते तुलनात्मक लेखनात अमेरिकेसाठी ‘वंशभेद’ योजावा, ‘वर्ण’ चातुर्वर्ण्यापुरता ठेवावा. आणि डेव्हिस-गार्डनर यांनी जाणीवपूर्वक घेतलेल्या संज्ञेसाठी ‘जात’ हाच शब्द वापरावा. तो सौम्य केला तर त्यांचे म्हणणेच हरवते, आणि कॉक्स यांचा आक्षेप कशावर आहे तेही कळत नाही.

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ॲलिसन डेव्हिस आणि दोन्ही गार्डनर अशी तीन लेखकांची नावे आहेत. एलिझाबेथ डेव्हिस यांचे नाव नाही. विषमतेचा शोध घेणाऱ्या कामातही श्रेयाची वाटणी समान झाली नाही, याची नोंद अभ्यासकाने घ्यावी.

बेळगावसारख्या दुभाषी प्रदेशात मराठी आणि कन्नड अभ्यासकांनी एकाच गल्लीची स्वतंत्र टिपणे काढून ती एकत्र वाचली, तर काय हाती लागेल? दोन्हींत जे जुळेल ते मोलाचे आहेच. जे जुळणार नाही, तिथून खरे संशोधन सुरू होईल. मात्र मुखपृष्ठावर नावे कोणाकोणाची असावीत, हे कामाच्या आरंभीच ठरवून घ्यावे.