पत्र देवापुढे पसरताना

आजचा शास्त्रभाग : २ राजे १९:१४-१९ (आधी १८:१३-१६ वाचून घ्या)



काही मेसेज असे असतात की वाचताना हात गार पडतात. मागच्या वर्षी एका गुरुवारी रात्री अकरा वाजता मला असाच एक मेल आला. उद्या सकाळी दहाला एचआरसोबत मीटिंग. बस, एवढंच. आमच्या टीममधले दोघे त्याच आठवड्यात गेले होते, त्यामुळे अर्थ कळायला वेळ लागला नाही. घराचा हप्ता पाच तारखेला जायचा. तो मेल मी किती वेळा उघडला असेल, देव जाणे. जणू पुन्हा वाचला की त्यातले शब्द बदलणार होते!

त्या रात्री मला हिज्कीया राजा आठवला. त्यालाही एक पत्र आलं होतं.

काळ ख्रिस्तपूर्व ७०१ चा. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदाची तटबंदीची नगरं घेतली होती आणि आता यरुशलेमची पाळी होती. त्याने पत्रातून धमकी दिली : तुझ्या देवाच्या भरवशावर राहू नकोस, बाकीच्या राष्ट्रांचे देव त्यांना वाचवू शकले का? हिज्कीयाने पत्र वाचलं, तो मंदिरात गेला आणि ते परमेश्वरासमोर उघडून पसरलं. मग प्रार्थना केली.

संडे स्कूलमध्ये आपण ही गोष्ट ऐकतो आणि वाटतं, काय विश्वास होता त्या माणसाचा! पण थोडं मागे जाऊन वाचा. पत्र पसरण्याआधी हिज्कीयाने आणखी दोन गोष्टी केल्या होत्या, आणि त्या दोन्ही सारख्या नाहीत.

पहिली गोष्ट, बोगदा. शत्रू येणार हे दिसताच त्याने नगराबाहेरचे झरे बुजवले, पडका कोट दुरुस्त केला आणि गीहोन झऱ्याचं पाणी नगरात वळवलं (२ इतिहास ३२). हिज्कीयाचा बोगदा म्हणून ओळखला जाणारा तो मार्ग आजही यरुशलेममध्ये आहे. खडकात खोदलेला, सुमारे ५३३ मीटर लांब. १८८० मध्ये त्यात एक कोरीव लेख सापडला. दोन टोकांकडून खणत आलेले कामगार मध्ये एकमेकांना कसे भेटले, ते त्यात लिहिलं आहे. म्हणजे देवावर भरवसा ठेवणारा हा राजा हातावर हात ठेवून बसला नव्हता.

दुसरी गोष्ट, सोनं. सन्हेरीबाने ३०० किक्कार रुपं आणि ३० किक्कार सोनं मागितलं. हिज्कीयाने मंदिरातलं आणि राजवाड्यातलं सगळं रुपं दिलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा परमेश्वराच्या मंदिराच्या दारांवर त्याने स्वतःच मढवलेलं सोनं खरवडून काढलं आणि पाठवून दिलं. एवढं करूनही अश्शूरचं सैन्य आलंच!

मला इथे थांबावं लागलं. बोगदा म्हणजे माझ्या वाट्याचं काम. अभ्यास, इंटरव्ह्यूची तयारी, डॉक्टरांकडे वेळेवर जाणं, महिन्याचा हिशोब. हे न करता "देव बघून घेईल" म्हणणं हा विश्वास नाही, आळस आहे. पण दारावरचं सोनं? ते मी कधी काढतो? सगळं माझ्याच ताब्यात राहिलं पाहिजे या भीतीपोटी जे देवाला दिलेलं असतं तेच काढून चिंतेला देतो, तेव्हा.

त्या मेलच्या आधीचे सहा महिने मी हेच करत होतो. सकाळची प्रार्थना "एकदा मेल बघतो"मध्ये गेली. रविवारची उपासना लॅपटॉपसमोर गेली. आणि एकदा माझ्या चुकीचा ठपका सहकाऱ्यावर आला, तेव्हा रेटिंग जाईल म्हणून मी गप्प बसलो. दाराचं सोनं असं थोडं थोडं निघत गेलं. आणि पत्र आलंच.

शेवटी मी मोबाइल अनलॉक केला, तो मेल उघडाच ठेवून गादीवर ठेवला आणि गुडघे टेकले. हिज्कीयाची प्रार्थना फार लांब नाही. आधी तो देव कोण आहे ते म्हणतो. मग संकट खरं आहे हे कबूल करतो. अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं खरोखरच उजाड केली, असं स्पष्ट सांगतो. आणि मग मागतो. मीही तसंच केलं. त्या सहकाऱ्याचं नावही घेतलं.

उत्तर काय मिळालं? यरुशलेम वाचलं. सन्हेरीबाने आपल्या विजयांची बढाई कोरून ठेवली आहे. तिच्यातही हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं एवढंच आहे, यरुशलेम घेतलं असं नाही. माझी नोकरी मात्र गेली. चार महिन्यांनी दुसरी मिळाली, कमी पगाराची. पण त्या रात्री मी झोपलो, आणि सकाळी मीटिंगच्या आधी त्या सहकाऱ्याला फोन करून माफी मागितली. मोकळा झालो.

गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूनेही मनातलं सगळं पित्यापुढे मांडलं, प्याला टळावा अशी विनंती केली आणि निर्णय पित्याच्या हाती दिला. प्याला टळला नाही. तरी पित्यावरचा त्याचा भरवसा सुटला नाही. स्वाधीन होणं म्हणजे हवं ते मिळवायची युक्ती नव्हे, प्रियांनो. निकाल कोणाच्या हाती आहे हे ओळखून त्याच्या पायाशी बसणं, एवढंच.

आज करून पाहा : एका कागदावर तीन ओळी लिहा. माझा बोगदा कोणता? मी दारावरचं कोणतं सोनं काढलंय? आणि कोणतं पत्र अजून खिशातच आहे? मग तो कागद प्रभूपुढे उघडा ठेवा.

प्रार्थना : हे प्रभू, माझ्या वाट्याचं काम करायला मला बळ दे. तुझं जे मी काढून घेतलं ते परत करायला धैर्य दे. आणि हे पत्र, जे मी पुन्हा पुन्हा वाचतोय, ते आता तू वाच. येशूच्या नावात, आमेन.