वरच्या मजल्याचं छत कुणाचं?

13 मे 2024, सोमवार. दुपारी चारच्या सुमाराला डोंबिवलीत दिवसाढवळ्या अंधारून आलं. घाटकोपरला ज्या वादळात होर्डिंग कोसळलं, तेच धुळीचं वादळ. आमची इमारत 1994 सालची, चार मजली, लिफ्ट नसलेली, आणि आम्ही अगदी वर. गच्चीवर गळती थांबवण्यासाठी सोसायटीने पत्र्याची शेड घातली होती. आधी पत्र्यांचा खडखडाट ऐकू आला, मग लांबलचक करकर, आणि पुढच्या क्षणी एक पत्रा एसीच्या बाहेरच्या युनिटवर आपटून बेडरूमच्या खिडकीत शिरला. पाठोपाठ सरी आल्या. रात्री छताचं हातभर प्लास्टर पलंगावर पडलं. लेक त्या वेळी स्वयंपाकघरात होती, म्हणून वाचली.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं? घर आवरलं. फुटकी खिडकी काढून नवी बसवली, जुनी चौकट भंगारवाल्याला दिली, प्लास्टर गोणीत भरून फेकलं. सोसायटीनेही वाकलेले पत्रे आठवड्यात विकले. घराची पॉलिसी आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आलं ते 23 मेला. त्या दिवशी एमआयडीसीतल्या अमुदान कंपनीत स्फोट झाला. माझी नणंद जवळच निवासी विभागात राहते. तिच्या घराच्या साऱ्या काचा फुटल्या. 2016 च्या प्रोबेस कंपनीच्या स्फोटात तिने हेच भोगलं होतं आणि नंतर पॉलिसी काढली होती. संध्याकाळी तिला फोन केला तर म्हणाली, "वहिनी, काचांना हात नाही लावलाय. फोटो काढले, विमा कंपनीला कळवलंय, उद्या सर्व्हेअर येतोय." तेव्हा मी कपाट उघडून आमची पॉलिसी शोधली. वादळाला दहा दिवस होऊन गेले होते.

आमच्याकडे आला तो सर्व्हेअर तरुण होता, शांतपणे बोलणारा. खिडकी बदललेली बघून त्याने पहिला प्रश्न विचारला, "जुनी कुठे आहे?" लेकीने मैत्रिणींना पाठवायला फोटो काढला होता, पत्रा खिडकीत अडकलेला. त्या फोटोनेच खिडकीचे पैसे मिळाले. मग तो स्टुलावर चढला. उघड्या पडलेल्या सळईवरून अंगठा फिरवला. लालसर भुगा खाली पडला. भोवती ओलीचे डाग होते, एकात एक, दर पावसाळ्यात थोडे वाढलेले. मी मोठ्या विश्वासाने त्याच्यापुढे फाइल ठेवली. त्यात ऑगस्ट 2021 मध्ये सोसायटीला दिलेलं माझंच पत्र होतं: "छत गळते आहे, प्लास्टर फुगले आहे, कृपया दुरुस्ती करावी." मला वाटलं, याने माझी बाजू भक्कम होईल. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, एका वादळाने सळई गंजत नाही."

दावा 1 लाख 86 हजारांचा होता. मिळाले 34,500, खिडकीचे आणि एसीचे. छताच्या दुरुस्तीला नकार आला, कारण जुनी गळती, झीज आणि गंज विम्यात बसत नाहीत. शेडसाठी मी भरलेली वर्गणीही नाकारली, कारण शेड सोसायटीची आणि पॉलिसी माझ्या घराची. सोसायटीची पॉलिसी? ती 2023 च्या मार्चमध्येच संपली होती. नूतनीकरण कुणी केलंच नव्हतं.

विमा कंपनीवर मी खूप चिडले होते. आज सांगते, नकार बरोबर होता. वादळाने जे मोडलं त्याचे पैसे विमा देतो. आपण वर्षानुवर्षं जे मोडू दिलं त्याचे देत नाही. आणि आपल्याकडे वरच्या मजल्यावर राहणाऱ्याची खरी अडचण ही की डोक्यावरचा स्लॅब त्याच्या एकट्याचा नसतो. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या घराचं छत आणि प्लास्टर खराब झालं, तर दुरुस्तीचा खर्च संस्थेचा, असं गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी सांगतात. इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा संस्थेने उतरवावा, हेही त्यातच आहे. वादळ आणि पुराचं संरक्षण पॉलिसीत आहे ना, हे मात्र डोळ्यांनी वाचून घ्या. तेव्हा गळतीसाठी भांडायचं ते सोसायटीशी, पहिला डाग दिसला त्याच वर्षी, लेखी. आणि पोच घेऊन. मी पत्र दिलं आणि तीन वर्षं गप्प बसले, ही माझी चूक.

घराची पॉलिसी घ्यावी का? नक्की घ्यावी. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, स्फोट, दरड हे सगळं तीत येतं. रक्कम ठरते ती बांधकामाच्या खर्चावर, बाजारभावावर नाही. समजा कार्पेट 600 चौरस फूट आणि बांधकामाचा दर 2,500 रुपये धरला, तर विमा 15 लाखांचा. फ्लॅट साठ लाखांना विकला जात असला तरी. घरातल्या सामानाला त्याच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण असतं. गृहकर्जाच्या फाइलमध्ये विम्याचा कागद आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पुष्कळदा तो कर्जदाराच्या जिवाचा विमा असतो, घराचा नसतो.

नुकसान झालं की आधी फोटो काढा, मग केर. जीव वाचवायला किंवा पाणी अडवायला हात लावावाच लागला तर लावा, ताडपत्री टाका, पण मोडलेली वस्तू टाकू नका आणि पावत्या ठेवा. त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि दाव्याचा नंबर लिहून घ्या. कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे, असा आता नियम आहे. नकार अन्यायाचा वाटला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. ठाण्यातही त्यांचं कार्यालय आहे.

शेडबद्दल एक सांगायलाच हवं. जून 2024 मध्ये ठाण्यात गावंड बागेतल्या टर्फवर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांवर जवळच्या इमारतीची उडालेली शेड कोसळली, मुलं जखमी झाली. आमचे पत्रे 13 मेच्या वादळात रस्त्यावर पडले, तेव्हा खाली कुणी नव्हतं. आमच्या कठड्यावर उरलेले, पत्रे धरून ठेवणारे जे-हुक मी हातात घेऊन पाहिले; बोटांनी तुटत होते. दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी घेणारं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. सोसायटीने ते विचारून घ्यावं.

स्लॅब तर त्याहून गंभीर. 20 मे 2025 ला कल्याण पूर्वेत सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चाललेलं असताना स्लॅब कोसळला, खालचे मजले घेत गेला. सहा जण गेले. ती बातमी वाचताना मला लेकीचा पलंगच दिसत होता.

मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, गच्चीवर जा. कोबा, पन्हळी, पत्र्याचे हुक आणि स्वतःच्या घराचं छत यांचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. आणि उतरताना सचिवांच्या दारावरची बेल वाजवून सोसायटीच्या पॉलिसीची प्रत मागा. कधी संपते ती तारीख बघा.