राउटरला हात लावण्याआधी

उद्यापासून सीएच्या त्या ऑफिसचं नेटवर्क तू एकटा बघणार आहेस, तर चार गोष्टी ऐकून घे. आठ-दहा कॉम्प्युटर, टॅलीचा सर्व्हर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, प्रिंटर आणि त्या सगळ्यांच्या तोंडाशी एक मायक्रोटिक. पसारा एवढाच, पण घोळ असल्याच ठिकाणी होतात.

नॅट आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नकोस. १९९४ साली नॅटची कल्पना पुढे आली ती पत्ते पुरेनात म्हणून, राखणीसाठी नव्हे. आतला १९२.१६८चा पत्ता काढून बाहेरचा लावायचा आणि कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं याची नोंद ठेवायची, एवढंच त्याचं काम. कुणाला आत घ्यायचं हे फिल्टर ठरवतो. आयपीव्ही६ सुरू झालं की हे लगेच कळतं. तिथे सहसा नॅट नसतंच, आणि मायक्रोटिकमध्ये त्याची फायरवॉलही वेगळ्या जागी असते. आयपीव्ही४चे नियम लिहून हात झटकलेस, तर ती बाजू मोकळीच राहील.

नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला लागू पडेल तिथेच निकाल लागतो. म्हणून सगळ्यात वर एस्टॅब्लिश्ड-रिलेटेडला वाट, त्याखाली इन्व्हॅलिड ड्रॉप, मग मोजक्या परवानग्या, आणि तळाला बाहेरून येणारं बाकी सगळं ड्रॉप. खुद्द राउटरशी बोलायला येतं ते इनपुट, राउटरमधून पुढे जातं ते फॉरवर्ड. नवी पोरं फॉरवर्ड घट्ट बांधतात आणि इनपुट विसरतात. मग राउटर जगभरच्या डीएनएसच्या प्रश्नांना उत्तरं देत बसतो आणि ऑफिसवाले म्हणतात, नेट स्लो आहे. २०१८ साली मायक्रोटिकच्या विनबॉक्समधला दोष उघडकीला आला, तेव्हा ज्यांचं ८२९१ पोर्ट बाहेरून बंद होतं त्यांना बाहेरून धक्का लागला नाही.

आता जिथे सगळेच अडकतात ते. समज, डीव्हीआर १९२.१६८.१.५० वर आहे आणि तू पोर्ट फॉरवर्ड लिहिलंस. फिल्टरमध्ये पत्ता कुठला टाकायचा? बाहेरचा टाकलास तर काउंटर शून्यावरच राहील. डीएसटी-नॅट फॉरवर्डच्या आधी होतं, त्यामुळे पॅकेट फिल्टरपाशी येतं तेव्हा त्यावरचा पत्ता बदललेला असतो. तिथे आतलाच पत्ता हवा. पोर्टचंही तसंच: बाहेर ८०८० आणि आत ८० केलं असशील, तर फिल्टरला ८० दिसणार. मग फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपास आणि काउंटर हलतोय का बघ. ऑफिसच्या वायफायवरून बाहेरच्या पत्त्याने बघत बसलास, तर हेअरपिनचा नियम नसताना ते उघडणार नाही आणि तू चांगला नियम खोडून मोकळा होशील.

पण त्याआधी वॅनचा पत्ता बघ. १००.६४ ते १००.१२७ मध्ये असला तर प्रोव्हायडरने वर आणखी एक नॅट बसवलंय, तुझं फॉरवर्ड फुकट. स्टॅटिक आयपी माग. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ मात्र मी कुणालाच बाहेर उघडू देत नाही, साहेब कितीही म्हणोत की फक्त रिटर्नच्या महिन्यापुरतं. आकडा बदलून लपवणं हे नुसतं मनाचं समाधान; चाळणारे सगळेच आकडे चाळतात. वायरगार्ड लाव, राउटरओएस ७ मध्ये ते आहेच.

पिंग अडवायला सगळं आयसीएमपी बंद करून शहाणपणा मिरवू नकोस. पीपीपीओई लाइनवर पॅकेटची मर्यादा १५००ची १४९२ होते, आणि 'मोठं आहे, लहान करून पाठव' हा निरोप आयसीएमपीनेच येतो. तो अडला की काही साइट उघडतात, काही अर्धवट लटकतात, आणि तू दिवसभर केबलवाल्याच्या नावाने बोटं मोडतोस.

लांबून काम करताना आधी सेफ मोड. जोडणी तुटली तर बदल आपोआप मागे जातात. नाहीतर रात्री किल्लीवाल्या शिपायाला उठवावं लागतं. प्रत्येक नियमाला कॉमेंट लिही: कुणी सांगितलं, कशासाठी, कधीपर्यंत. त्या राउटरवर सध्या ५००० पोर्टचा एक नियम आहे, कॉमेंट नुसती 'टेस्ट'. तो लगेच खोडू नकोस. साहेबांना विचार, डिसेबल करून महिनाभर कुणी ओरडतंय का बघ, मग काढ.