होडीचे यंत्र जागे होते

मुलांनो, खाडीच्या धक्क्यावर तुम्ही होड्या पाहिल्या असतील. काही होड्यांच्या मागील फळीला एक यंत्र अडकविलेले असते. त्याचे डोके वर, पाय पाण्यात आणि पायाशी फिरणारा पंखा. ह्यालाच आउटबोर्ड यंत्र म्हणतात. नॉर्वेत जन्मलेल्या व अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूड नावाच्या कारागिराने 1909 साली मिलवॉकी शहरात अशी यंत्रे विकावयास आरंभ केला.

आजची पुष्कळ यंत्रे कळ दाबताच सुरू होतात. परंतु दोरी ओढून चालवावयाचे जुने यंत्र रात्रभर थंड पडले, की पहाटे सहजासहजी जागे होत नाही. उतावळा मनुष्य त्वेषाने दोरी ओढीत सुटतो. त्याचे हात थकतात, यंत्र मात्र मुकेच राहते. असे का होते?

यंत्राच्या पोटात नळकांडे असते व त्यात दट्ट्या सरकतो. तेथे पेट्रोलची वाफ व हवा ह्यांचे मिश्रण येते. ठिणगी पडली की ते पेटते आणि दट्ट्याला ढकलते. पेटते ती वाफ. पातळ पेट्रोल नव्हे. यंत्र थंड असले म्हणजे पेट्रोलचे थेंब आतील भिंतींना चिकटून राहतात व वाफ थोडीच होते. यास्तव हवेच्या वाटेवर एक झडप बसविलेली असते. तिला चोक म्हणतात. ती मिटली की हवा कमी व पेट्रोल अधिक जाते आणि पेटण्यापुरती वाफ मिळते.

ठिणगीचेही असेच आहे. वरचे जड चक्र फिरले, की त्यातील लोहचुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून जातो व वीज उत्पन्न होते. चक्र मंद फिरले, तर ठिणगी पडतच नाही. म्हणून दोरीला हिसका जोराचा हवा.

जाणता नावाडी होडी धक्क्याला बांधलेली असतानाच यंत्र सुरू करतो. दोर आधी सोडला आणि यंत्र रुसले, तर ओहोटी होडीला समुद्राकडे ओढून नेईल. मग माणसांचे प्राण केवळ वल्ह्यांच्या भरवशावर! प्रथम तो इंधन पाहतो. अशा यंत्रांत पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. अनेकांत 50 भाग पेट्रोलला 1 भाग, तर त्याहून जुन्या यंत्रांत अधिक. टाकीच्या झाकणावरील हवेचे छिद्र तो उघडतो. कारण हवा आत शिरली नाही, तर पेट्रोल बाहेर येत नाही. नळीवरील रबरी फुगा घट्ट होईपर्यंत तो दाबतो. पंखा फिरू नये म्हणून गिअरचा दांडा मधल्या जागी ठेवतो व चोक मिटवितो. मग दोरी हळूच ओढून, ताण लागताच, एकच लांब हिसका देतो.

यंत्र खोकल्यासारखे वाजले, की तो चोक अर्धा उघडतो. ते तापू लागले, की पूर्ण. हे विसरल्यास यंत्र पेट्रोलने गुदमरते. पेट्रोलचा दर्प आला, तर तो थांबतो, चोक उघडतो आणि काही मिनिटांनी पुन्हा यत्न करतो. जवळपास कोणाला काडी ओढू देत नाही. यंत्र चालू झाल्यावर त्याला गार ठेवणारे पाणी बाहेर पडते की नाही, हे तो पाहतो; पडत नसेल, तर यंत्र तत्काळ बंद करतो. सारे ठीक असेल, तेव्हाच दोर सोडतो.

बळ उतावळ्याच्या हातातही होते. ते केव्हा व कसे लावावे, हे मात्र नावाड्यालाच ठाऊक होते.

शब्दार्थ
दट्ट्या – नळकांड्यात मागेपुढे सरकणारा भाग
त्वेष – आवेश
दर्प – उग्र वास
यत्न – प्रयत्न

स्वाध्याय
1. थंड यंत्रात चोक का मिटवावा लागतो?
2. नावाडी धक्क्याचा दोर शेवटी का सोडतो?
3. ‘भरवशावर असणे’ हा वाक्प्रचार वाक्यात योजा.
4. तुमच्या घरातील एखादे यंत्र सुरू करण्याची रीत, प्रत्येक कृतीच्या कारणासह, दहा ओळींत लिहा.