वर्गात व्हिडिओ दाखवताना



तिसरीच्या वर्गात मधमाश्यांचा व्हिडिओ चालू होता. मीही मागच्या बाकावर बसलो होतो. व्हिडिओ संपला, बाई फळ्याकडे वळल्या आणि पडद्यावर आपोआप दुसराच सुरू झाला. त्यात मारामारी होती. मुले एकदम गप्प झाली. बाईंची निवड चुकली नव्हती. पुढे काय येईल, हे पाहायचे राहून गेले होते.

यूट्यूबवरील व्हिडिओ क्वचितच एकटा येतो. मध्ये जाहिरात, खाली प्रतिक्रिया, शेजारी सुचवलेले आणखी व्हिडिओ. म्हणून एवढे करू या :

१. व्हिडिओ आधी स्वतः शेवटपर्यंत पाहावा.

२. 'ऑटोप्ले' बंद करावे, चित्र पूर्ण पडद्यावर घ्यावे आणि संपण्याआधीच थांबवावे.

३. 'रिस्ट्रिक्टेड मोड' चालू ठेवावा. मात्र ती गाळणी आहे, भिंत नव्हे.

४. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर नुसती लिंक टाकू नये. घरी मूल ती एकटेच उघडते. कोणता भाग पाहायचा ते लिहावे आणि सोबत बसण्याची विनंती करावी. २०१५ साली आलेल्या 'यूट्यूब किड्स'मध्ये प्रतिक्रिया नसतात. तरी मोठ्यांची नजर हवीच.

इतके करूनही नको ते दिसलेच, तर पडदा बंद करून मुलांशी शांतपणे बोलावे. रागावलो तर पुढच्या वेळी मूल पाहील, पण सांगणार नाही.

हेतू चांगला होता, एवढ्याने आपली जबाबदारी संपत नाही. मुलाच्या हाती ताट देण्याआधी आपण ते पाहून घेतो. पडद्याचेही तसेच आहे.