जड क्वार्कांची जोडी आणि प्रकाशाची साक्ष

१९९३ सालच्या ३० सप्टेंबर रोजीं आपल्या किल्लारीवर जो भूकंप ओढवला, त्याचें दुःख तुमच्या वडील माणसांस नव्यानें सांगावयास नको. त्यानंतर शास्त्रज्ञांनीं येथें भूमींत खोल विंधण घेतलें. सुमारें ३३८ मीटर काळा पाषाण ओलांडल्यावर खालचा पुरातन खडक हातीं लागला. परंतु ज्या वस्तूचें अंतरंग विंधून उघडतां येत नाहीं, तिची परीक्षा कशी करावी?

अणूच्या गाभ्यांतील प्रोटॉन हा क्वार्क नामक सूक्ष्म कणांचा बनलेला आहे. क्वार्क एकटा असा आजवर कोठेंहि आढळलेला नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंत रिक्टर व टिंग यांच्या मंडळींस स्वतंत्रपणें एकच नवा कण सांपडला; त्यास ‘जे-साय’ असें जोडनांव पडलें. ‘चार्म’ नांवाचा जड क्वार्क व त्याचा प्रतिक्वार्क यांची ती जोडी होय. जड असल्यामुळें त्यांची गति तुलनेनें मंद असते. म्हणून त्यांचें गणित हायड्रोजन अणूच्या धर्तीवर मांडतां येतें. जवळ असतां त्यांचें आकर्षण विजातीय विद्युद्भारांसारखें असतें. दूर जातां मात्र, मोटेचा नाडा ताणून धरावा तशी, ओढ कायम राहते.

जोडी वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतांना प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, बाहेर टाकते. त्याची ऊर्जा मोजली कीं दोन पायऱ्यांमधील अंतर कळतें. तो किती वेळां निघतो, यावरून गणिताची कसोटी लागते.

ही कसोटी कठीण ठरली. जे-साय फोटॉन टाकून ‘ईटा-सी’ या खालच्या पायरीवर येण्याचें प्रमाण सोप्या सूत्राप्रमाणें शेंकडा ३ च्या सुमारास यावयास हवें होतें. १९८६ सालच्या मोजणींत तें १.३ च भरलें. पुढें २००९ सालीं दुसऱ्या प्रयोगांत ऊर्जेच्या आलेखाचा आकार अधिक बारकाईनें पाहतां तें २ च्या जवळ आलें. तात्पर्य, उणें दोन्ही बाजूंस होतें. गणित करणारांस व मोजणारांसहि पुन्हां पाटी पुसावी लागली.

या कार्यांत आपल्या महाराष्ट्राचाहि वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत अशा जोड्यांचें गणित मोठ्या गणकयंत्रांवर केलें जातें. तेथील शास्त्रज्ञ जपानांतील ‘बेल’ प्रयोगांतहि सहभागी झाले; त्या प्रयोगानें २०१२ सालीं ‘बॉटम’ नांवाच्या आणखी जड क्वार्कांच्या जोडीचें फोटॉन टाकून उतरणें नोंदविलें.

मुलांनो, उत्तर जुळलें नाहीं म्हणून आंकडे ओढूनताणून जुळवूं नका. जें दिसत नाहीं त्याविषयीं साक्ष मिळेल तेवढेंच बोलावें. आणि साक्ष बदलली तर आपलें मत नम्रपणें बदलावें.